द्राक्षबागेचे व्हिडिओ आपल्याच सर्व्हरवर: डॉकरमधून पीअरट्यूब उभारताना

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांच्या फोनवर दिवसाला तीस-चाळीस व्हिडिओ येऊन पडतात. काडी किती डोळ्यांवर (कोंब फुटायच्या जागांवर) मारली, पेस्ट लावल्यावर कितव्या दिवशी डोळा फुगला, पानामागे दिसतोय तो केवडा रोग की नुसतं दवाचं पाणी, असं सगळं. अडचण अशी की ग्रुपवर चढतानाच व्हिडिओ इतका दाबला जातो की पान म्हणजे हिरवा चिखल दिसतो. "अरे, ह्याच्यात डोळा तरी मोजता येतोय का तुला?" मामांनी विचारलं. मला आला नाही. आणि मागच्या एप्रिलच्या खरड छाटणीचा व्हिडिओ शोधायचा म्हटलं तर तो लग्नपत्रिका आणि गुड मॉर्निंगच्या खाली गाडलेला.

त्यातून हा सर्व्हर उभा राहिला. नाशिकरोडच्या घरी बसून, दोन रविवार घालवून. दुसरा रविवार खरं तर पहिल्याच्या चुका निस्तरण्यात गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. डॉकर प्रत्येक प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात चालवतं, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. कंटेनर वर आणणं अर्ध्या तासाचं काम आहे. नाव काय ठेवायचं, डिस्क किती लागेल आणि बॅकअप कुठे जाणार, हे तीन प्रश्न आधी सुटले नसतील तर तो अर्धा तास पुन्हा पुन्हा करावा लागतो.

आज्ञा आणि फाईलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पीअरट्यूब म्हणजे काय

फ्रामासॉफ्ट ही फ्रान्समधली ना-नफा संस्था पीअरट्यूब बनवते. पहिली पक्की आवृत्ती, १.०, ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. परवाना एजीपीएलचा, म्हणजे वापरायला पैसे नाहीत आणि कोड उघडा. दिसायला नेहमीच्या व्हिडिओ साइटसारखंच: चॅनेल, प्लेलिस्ट, कमेंट. फरक असा की प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र असतो आणि हवं तर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवरून एक सर्व्हर दुसऱ्याला फॉलो करू शकतो. आम्हाला त्याची गरज नव्हती, त्यामुळे त्यात फार शिरत नाही.

आत सहा कंटेनर चालतात. एनजिनएक्सचा वेबसर्व्हर, प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट, खुद्द पीअरट्यूब, माहिती ठेवणारा पोस्टग्रेस, तात्पुरत्या नोंदी आणि कामांची रांग सांभाळणारा रेडिस आणि मेल पाठवणारा पोस्टफिक्स. हे सगळं हाताने बसवायचं तर नोड (पीअरट्यूब ज्यावर चालतं ते) आणि एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतर करणारं) यांच्या आवृत्त्या जुळवण्यातच दिवस जातो. डॉकर कंपोज हे सगळे कंटेनर एकत्र चालवतं, तिथे एका फाईलवर भागतं.

घरी की भाड्याच्या सर्व्हरवर

जुना डेस्कटॉप घरात पडून होता, पहिला विचार त्याचाच आला. पण घरगुती ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. तपासणं सोपं आहे: राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या एखाद्या साइटवर बघा. दोन वेगळे आले, किंवा राउटरवरचा १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर बाहेरून कोणी तुमच्या दारापर्यंत पोचणार नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मिळतो, पण वीज गेली की तो काय कामाचा?

शिवाय अपलोडचं गणित आहेच. ७२०पी व्हिडिओला साधारण अडीच एमबीपीएस धरा. संध्याकाळी फवारणी उरकून वीस जण एकदम बघायला बसले की ५० एमबीपीएस सतत बाहेर जाणार. म्हणून मी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर घेतला: २ कोअर, ४ जीबी रॅम, उबुंटू २४.०४. आणि घरातल्या डेस्कटॉपला वेगळं काम दिलं, ते पुढे येईल.

डिस्कचा हिशेब कागदावर करा. १०८०पी ला साडेचार एमबीपीएस धरले तर एका तासाचे सुमारे २ जीबी होतात. ७२०पी चे आणखी १.१, ४८०पी चा अर्धा जीबी. म्हणजे एका तासाच्या व्हिडिओला साडेतीन-पावणेचार जीबी, आणि मूळ फाईलही ठेवली तर ती वेगळी. फोनवर चार-केमध्ये घेतलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ सहज दीड ते तीन जीबी भरतो. लोकांना दहा वेळा सांगा की रेकॉर्डिंग १०८०पी वर ठेवा. नऊ वेळा कोणी ऐकणार नाही.

नाव एकदाच

डोमेनचं नाव आधी पक्कं करा. पीअरट्यूबमध्ये ते नंतर बदलायची अधिकृत सोय नाही, कारण प्रत्येक व्हिडिओच्या, चॅनेलच्या आणि खात्याच्या पत्त्यात ते कोरलेलं असतं. मी उत्साहात आधी "टेस्ट" नावाच्या सबडोमेनवर उभारलं, म्हटलं चाललं की बदलू. पाच दिवसांत लोकांनी सत्तर व्हिडिओ चढवले. मग सगळं पाडून पुन्हा बांधलं आणि सत्तर जणांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणजे माणसं बाराच होती, पण शिव्या सत्तर.

डोमेन जिथून घेतलं तिथे ए रेकॉर्डमध्ये (नाव कोणत्या आयपीवर जातं ती नोंद) सर्व्हरचा आयपी टाका. प्रमाणपत्र मागण्याआधी "डिग" आज्ञेने नाव त्याच आयपीवर जातंय याची खात्री करा.

डॉकर बसवणं

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातला डॉकर घेऊ नका, डॉकरच्या अधिकृत भांडारातून घ्या. कंपोजचं नवं प्लगइन सोबत येतं. जुना कंपोज मध्ये आडवी रेघ देऊन लिहायचे, नवा "डॉकर कंपोज" असा मोकळी जागा सोडून लिहायचा. इंटरनेटवरचे जुने लेख रेघवाले असतात, गोंधळू नका.

इथेच दोन गोष्टी करून टाका. एक, लॉगला मर्यादा. डॉकर मुळात कंटेनरचे लॉग कधीच कापत नाही, ते वाढत जाऊन डिस्क खातात. "ईटीसी"मधल्या डॉकर फोल्डरात "डीमन डॉट जेसन" फाईल करून मॅक्स-साइज १० एमबी आणि मॅक्स-फाईल ३ असं लिहा आणि डॉकर रीस्टार्ट करा. दुसरं, फायरवॉल. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) लावून निर्धास्त राहू नका. डॉकर जो पोर्ट बाहेर उघडतो तो यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडतो. म्हणून कंपोज फाईलच्या "पोर्ट्स" खाली जे लिहिलंय तेवढंच दार उघडं, असं धरून चाला. अधिकृत फाईलमध्ये ८०, ४४३ आणि थेट प्रक्षेपणासाठी १९३५ असतात. लाइव्ह करणार नसाल तर १९३५ ची ओळ काढा. पोस्टग्रेसचा ५४३२ तिथे नसतो, तुम्हीही "सोयीसाठी" घालू नका.

फाईली

एक रिकामं फोल्डर करा, मी "ऑप्ट"खाली "पीअरट्यूब" केलं. प्रकल्पाच्या कोडमध्ये "सपोर्ट"च्या आत "डॉकर" आणि त्याच्या आत "प्रॉडक्शन" असं फोल्डर आहे. तिथून "डॉकर-कंपोज डॉट वायएमएल" आणि "डॉट ईएनव्ही" या दोन फाईली कर्लने उतरवा. दुसरीचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे साध्या "एलएस"ने ती दिसत नाही. माझ्या एका मित्राने ती गायब झाली म्हणून तीनदा उतरवली.

ईएनव्ही फाईलमध्ये कोनी कंसात रिकाम्या जागा आहेत: डेटाबेसच्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड, डोमेन, ईमेल, आणि पीअरट्यूबचं गुपित. डोमेन एकाहून जास्त ठिकाणी येतं, सगळीकडे भरा. कंसही पुसायचे, नुसता आतला मजकूर बदलून भागत नाही. गुपितासाठी "ओपनएसएसएल रँड -हेक्स ३२" चालवा आणि येणारी ६४ अक्षरं चिकटवा.

पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह नको. ही फाईल डॉलरपुढच्या शब्दाला दुसऱ्या चलाचं नाव समजते आणि तिथे रिकामं भरते. तुम्हाला वाटतं पासवर्ड बारा अक्षरी आहे, आत गेलेला असतो पाच अक्षरी. याहून वाईट सापळा असा: पोस्टग्रेस हा पासवर्ड फक्त पहिल्यांदा उठताना वाचतो आणि डेटाबेस तयार करतो. नंतर फाईलमध्ये बदललात तर पीअरट्यूब नवा पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसतं आणि आतला जुनाच मागतो. अजून एकही व्हिडिओ चढला नसेल तर सरळ "डॉकर-व्हॉल्यूम"मधलं डीबी फोल्डर पुसून पुन्हा सुरू करा. व्हिडिओ चढले असतील तर पुसायचं नाही, पोस्टग्रेसच्या आत जाऊन "ऑल्टर यूजर"ने बदला.

आता एनजिनएक्सची फाईल, आणि माझा पहिला रविवार जिथे बुडाला ती जागा. कंपोज फाईल म्हणते की "डॉकर-व्हॉल्यूम"मधल्या "एनजिनएक्स"मध्ये "पीअरट्यूब" नावाची फाईल आहे, ती कंटेनरमध्ये जोडा. ती फाईल आपण आधी उतरवून ठेवायची असते. मी विसरलो. डॉकर काही बोलला नाही. बाहेर फाईल नसली की तो त्याच नावाचं फोल्डर करून देतो आणि तेच जोडतो. वेबसर्व्हर उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. नंतर मी फाईल उतरवायला गेलो तर कर्ल म्हणे तिथे लिहिता येत नाही. दोन तास मी परवानग्या तपासत बसलो. शेवटी "एलएस -एल" केलं तेव्हा ओळीच्या सुरुवातीला "डी" दिसला. डी म्हणजे डिरेक्टरी. फोल्डर पुसलं, फाईल उतरवली, मिनिटभरात चालू. तेव्हा आधी फोल्डर करा, त्यात प्रकल्पाचीच एनजिनएक्सची नमुना फाईल "पीअरट्यूब" नावाने उतरवा आणि एकदा "एलएस -एल"ने बघा.

प्रमाणपत्र

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ९० दिवस चालतं. पहिलं हाताने आणायचं. सर्टबॉटचा कंटेनर "स्टँडअलोन" पद्धतीने एकदाच चालवा, ८० पोर्ट त्याला द्या आणि "डॉकर-व्हॉल्यूम"मधलं सर्टबॉटचं "कॉन्फ" फोल्डर आत जोडा. त्या क्षणी ८० वर दुसरं काही बसलेलं नको. काही सर्व्हरवर अपाची आधीपासून चालू असतो, तो बंद करा. पुढचं नूतनीकरण कंपोजमधला सर्टबॉट आपोआप करतो. चुकलात तर लगेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, ठरावीक वेळा फसल्यावर लेट्स एन्क्रिप्ट तुम्हाला काही काळ थांबवून ठेवतं.

वर आणणं

पहिल्यांदा "डॉकर कंपोज अप" असंच, शेवटची "-डी" न लावता. म्हणजे लॉग डोळ्यासमोर राहतात. ते धावत जाताना एका ओळीत "रूट" खात्याचा पासवर्ड येतो. तो टिपून घ्या, तो पहिल्याच सुरुवातीला दिसतो. निसटला तर "डॉकर कंपोज लॉग्ज पीअरट्यूब" मध्ये ग्रेपने "रूट" शोधा. तिथेही नसेल तर पीअरट्यूबच्या कंटेनरमध्ये एनपीएमची (नोडची पॅकेजं सांभाळणारं साधन) "रीसेट-पासवर्ड" आज्ञा आहे. सगळं शांत झालं की कंट्रोल-सी, मग "डॉकर कंपोज अप -डी".

ब्राउझरमध्ये पान उघडलं की आधी पासवर्ड बदला, मग नोंदणी बंद आहे ना ते बघा. खाती मीच तयार करतो, प्रत्येकाला २० जीबीचा कोटा. उघडी नोंदणी ठेवलीत तर आठवड्याभरात परक्या जाहिरातींचे व्हिडिओ तुमच्या डिस्कवर येतील, आणि सर्व्हर तुमच्या नावावर आहे. बागेतले व्हिडिओ आम्ही "अंतर्गत" ठेवतो, म्हणजे लॉगिन केलेल्यालाच दिसतात. आवृत्ती ६ पासून एकेका व्हिडिओला पासवर्डही लावता येतो. बाजारभावावरच्या बैठकीचा व्हिडिओ आम्ही तसा ठेवला होता.

मेलचं थोडक्यात सांगतो. भाड्याच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारा २५ पोर्ट बहुधा बंद असतो, त्यामुळे सोबतचा पोस्टफिक्स नुसता बसून राहतो. मी ५८७ पोर्टवरची एक मेल सेवा ईएनव्ही फाईलमध्ये भरली आणि पोस्टफिक्स काढून टाकला. काढताना पीअरट्यूबच्या "डिपेंड्स ऑन" यादीतूनही त्याचं नाव काढा, नाहीतर कंपोज उठायलाच नकार देतो.

ट्रान्सकोडिंग, आणि घरातला डेस्कटॉप

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. हल्लीचे बरेच फोन एच२६५ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात आणि प्रत्येक ब्राउझर ते वाजवेलच असं नाही. शिवाय शिवारात नेटवर्क कधी दोन काड्या, कधी शून्य. म्हणून चढलेला व्हिडिओ एच२६४ मध्ये आणि दोन-तीन आकारांत करून ठेवावा लागतो. हेच ट्रान्सकोडिंग, आणि ते प्रोसेसर पिळून काढतं. २ कोअरच्या सर्व्हरवर छाटणीच्या आठवड्यात रांग इतकी लांबली की सकाळी चढवलेला व्हिडिओ रात्री दिसायचा, आणि तोवर साइटही रडतखडत उघडायची.

आधी सेटिंग आवरा. आकार फक्त ४८०पी, ७२०पी आणि १०८०पी ठेवा, बाकी खुणा काढा. एचएलएस (व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत पाठवणारा) आणि वेब व्हिडिओ (सबंध फाईल) असे दोन प्रकार दिसतील. दोन्ही चालू ठेवलेत तर सगळं दोनदा साठतं. एचएलएस पुरतो. एका वेळी एकच काम चालू द्या.

मग रनर. २०२३ च्या ५.२ आवृत्तीपासून पीअरट्यूब हे काम दुसऱ्या मशीनकडे सोपवू शकतं. नाशिकरोडचा डेस्कटॉप इथे कामाला आला. त्यावर नोड, एफएफएमपेग आणि "पीअरट्यूब-रनर" हे एनपीएम पॅकेज बसवलं. सर्व्हरच्या व्यवस्थापन पानावर रिमोट रनर चालू करून नोंदणीचं टोकन घेतलं आणि डेस्कटॉपवर "रजिस्टर" आज्ञेत ते दिलं. गंमत अशी की रनर स्वतः सर्व्हरला फोन लावतो आणि काम मागतो, बाहेरून कोणी त्याच्याकडे यायची गरज नाही. त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. मूळ फाईल तो उतरवतो, घरी दळतो आणि पीठ परत वर पाठवतो. गिरणी नाशिकरोडला, दुकान मुंबईत.

एक मात्र ध्यानात ठेवा. रिमोट रनर चालू केला की सर्व्हर स्वतः ट्रान्सकोडिंग करत नाही. डेस्कटॉप बंद असेल तर कामं रांगेत थांबून राहतात. हरवत नाहीत, पण व्हिडिओ "प्रक्रिया सुरू आहे" म्हणतच राहतो. आमच्याकडे वीज गेली की मामांचा फोन येतो: "तुझी गिरणी बंद आहे का रे?"

आणखी एक. पीअरट्यूबमध्ये बघणारे एकमेकांनाही व्हिडिओचे तुकडे पुरवतात, नावातला "पीअर" तोच. सर्व्हरचा भार हलका होतो, पण शेतकऱ्याचा मोबाइल डेटा अपलोडमध्ये जातो आणि बघणाऱ्यांचे आयपी एकमेकांना कळू शकतात. कॉन्फिग फाईलमध्ये "डिफॉल्ट्स" खाली पी२पी आहे, मी ते बंद केलं. ज्याला हवं तो स्वतःच्या खात्यात चालू करू शकतो.

बॅकअप

दोन वेगळ्या गोष्टी जपायच्या. डेटाबेस आणि फाईली. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, ते अर्धवट निघू शकतं. रात्री "डॉकर कंपोज एक्झेक -टी पोस्टग्रेस पीजी-डंप -एफसी" वापरून डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाईलमधली पूर्ण नक्कल, काढा. ती मोठी "टी" विसरू नका. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टर्मिनल नसतं, आणि तिच्याशिवाय हाताने चालणारी आज्ञा रात्री रुसू शकते. माझ्याकडे अकरा दिवस शून्य बाइटच्या फाईली जमत होत्या आणि मी निवांत होतो. आता स्क्रिप्ट फाईलचा आकार तपासते आणि छोटी निघाली तर मला मेल करते.

व्हिडिओंसाठी "डॉकर-व्हॉल्यूम"मधलं डेटा फोल्डर आरसिंकने (बदललेल्या फाईली तेवढ्या कॉपी करणारी आज्ञा) घरच्या डिस्कवर. ईएनव्ही फाईल आणि कॉन्फिगही सोबत घ्या, त्यात गुपित आहे. महिन्यातून एकदा तो डंप डेस्कटॉपवरच्या रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये भरून बघतो.

नवी आवृत्ती आली की

आधी डंप, मग प्रकाशनाची टिपणं वाचा, मग "डॉकर कंपोज पुल", "डॉकर कंपोज डाउन -व्ही" आणि "अप -डी". "-व्ही" बघून पोटात गोळा येतो, कारण ते व्हॉल्यूम पुसतं. इथे ते मुद्दाम आहे. वेबसर्व्हर आणि पीअरट्यूब यांच्यात वाटून घेतलेल्या जुन्या पानांच्या फाईली त्यात असतात, त्या जायलाच हव्यात. आपले व्हिडिओ आणि डेटाबेस "डॉकर-व्हॉल्यूम" या साध्या फोल्डरात आहेत, त्यांना हात लागत नाही. पण हीच आज्ञा दुसऱ्या एखाद्या प्रकल्पात सवयीने मारू नका. एनजिनएक्सची नमुना फाईलही बदललेली असू शकते, तीही नव्याने उतरवा.

पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती मात्र नुसता आकडा बदलून चढवू नका. जुन्या आवृत्तीचं डेटा फोल्डर नवी आवृत्ती उघडत नाही. डंप काढा, जुनं फोल्डर बाजूला ठेवा, नव्यात भरा. आणि हे एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये करू नका. मी जुलैत करतो, पाऊस पडत असतो आणि बागेकडे कोणी व्हिडिओ काढायला फिरकत नाही.